जड हाडांचा कुत्रा

कॉफीपॉट वॉश कॅम्प, अ‍ॅरिझोना
२ डिसेंबर

प्रिय लेम्पी,

पोहोचलो. माझ्या फिरत्या गाडीघराला काही झालं नाही, मला काही झालं नाही, माझ्या कुत्र्याला, युक्लिडला, काही झालं नाही. तुझ्या कुत्र्याने मात्र मिशिगनपासून इथपर्यंत प्रत्येक राज्यात एकदा ओकून हजेरी लावली.

आधी तुझं. चर्चच्या पायरीवर नोव्हेंबरात बर्फ असतो, हे हॅनकॉकमध्ये जन्म काढलेल्या बाईला सांगावं लागू नये. खुब्याचं ऑपरेशन झालंय, तर डॉक्टर सांगतील तेवढंच चाल आणि जिना अजिबात चढू नकोस. फोन करायच्या भानगडीत पडू नकोस. इथे सिग्नल नाही, आणि असता तरी तू फोनवर रडतेस. दर मंगळवारी मी गॅस भरायला आणि कपडे धुवायला ड्राय लेक गावात जाते. तिथल्या पोस्टात तुझं पत्र मिळेल. पत्रात रडलीस तर निदान मला ऐकू येणार नाही.

आता पास्टी. पोस्टात पार्सलं तोलायचा काटा आहे. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याला उचलून त्यावर ठेवलं. चव्वेचाळीस पौंड. पोस्टमास्तरीण मिसेस ओचोआ यांनी आकडा पाहिला आणि विचारलं, "कुठे पाठवायचंय?"

आपल्याकडच्या खाणकामगारांच्या मांस-बटाटा भरलेल्या करंजीवरून तू त्याचं नाव ठेवलंस, तेव्हा तो पिल्लू होता. आता तो खरोखरच ती करंजी झाला आहे, फक्त पाय फुटलेली. सात वर्षं तू मला ऐकवत आलीस, "तो जाड नाही गं, त्याची हाडं जड आहेत." लेम्पी, मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. हाडं एवढी जड नसतात.

तेव्हा आल्या दिवसापासून शिस्त. इथल्या राष्ट्रीय उद्यानात कुत्र्यांना पायवाटांवर बंदी आहे, गाडीरस्त्यावर चालू देतात, तेही आखूड दोरीने. म्हणून आम्ही पहाटे खाणीच्या जुन्या कच्च्या रस्त्याने बंद फाटकापर्यंत जातो आणि ऊन चढायच्या आत परततो. पहिल्या दिवशी पास्टी पहिल्याच वळणावर बसला. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. नववीतल्या मुलांवर हा उपाय चालतो, त्याच्यावरही चालला. खाणं निम्मं केलं आहे. उरलेलं निम्मं युक्लिडच्या वाटीत जातं, कारण मी अन्न टाकत नाही.

आणखी एक. इथे कुत्र्यांना शपथ देतात. तू हसशील, मीही नाक मुरडलं होतं. रेंजर टोलिव्हर नावाची एक गंभीर मुलगी गुडघ्यावर बसते, कुत्र्याचा पुढचा पाय हातात धरते आणि वदवून घेते: मी माझी घाण मागे ठेवणार नाही, दोरी सोडणार नाही, वन्य प्राण्यांना छळणार नाही, मनाई आहे तिथे जाणार नाही. मग गळ्यात श्वान-रेंजरचा बिल्ला. युक्लिडने शपथ ताठ बसून ऐकली. पास्टीने रेंजरचा कान चाटला. तरी शपथ ती शपथ, मी साक्षीदार आहे.

तुझी,
आयली

हॅनकॉक, मिशिगन
१३ डिसेंबर

प्रिय आयली,

निम्मं? निम्मं खाणं? अगं, तो काय तुझ्या वर्गात नापास झालाय?

मी रडत नाहीये. खालच्या खोलीत सोफ्यावर झोपते, कारण जिना म्हणजे आता माझ्यासाठी हिमालय. सोफा आखूड आहे. रोज रात्री पास्टी माझ्या पायांवर येऊन आडवा पडायचा. त्याचं वजन पायांवर पडलं की मला झोप लागायची. आता पाय हलके, डोळे उघडे. तुला हे हास्यास्पद वाटेल. तुला सगळंच वाटतं.

एवढंच मागते. त्याला वाळवू नकोस. परत येईल तेव्हा मला तो ओळखू यायला हवा. दर पत्रात वजन कळव, म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता.

युक्लिडला थोपट. तो बिचारा तुझ्याजवळ इतकी वर्षं कसा राहिला कोण जाणे.

तुझी,
लेम्पी

कॉफीपॉट वॉश
२९ डिसेंबर

प्रिय लेम्पी,

तुझ्या जिवाला स्वस्थता असो. पास्टी चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस आहे. तसूभर फरक नाही.

शेजारी व्हर्जिल प्रुएट म्हणून ओक्लाहोमाचे निवृत्त रेल्वेवाले आले आहेत. त्यांचं मोटरहोम चाळीस फुटी आणि कुत्रा एक वीत. रोज चार वाजता स्वतःची घडीची खुर्ची आणि कॉफीचा मग घेऊन आमच्या शेकोटीपाशी हजर होतात. इथली ती रीत आहे: खुर्ची ज्याची त्याने आणायची, गप्पा कुणाच्याही. त्यांच्या गप्पांत एक गाडी रुळावरून घसरते, ती संध्याकाळभर घसरतच राहते.

काल पास्टीने चोया निवडुंगाच्या गोळ्याला नाक लावलं. हे काटे नुसते टोचत नाहीत, चिकटून बसतात. इथे प्रत्येकाच्या खिशात त्यासाठी कंगवा असतो. पाच डॉलरचा कंगवा विसरलेला माणूस पन्नास हजारांच्या गाडीतून आला असला तरी मूर्ख ठरतो. मी काट्यांखाली कंगवा घालून झटका दिला, गोळा उडाला तो व्हर्जिल यांच्या पँटला चिकटला. ते म्हणाले, "बाई, ओळख व्हायच्या याहून सोप्या पद्धती असतात."

पास्टीला वाळूसाठी बूट घेतले आहेत. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला मात्र नवं भोक पाडावं लागलं. इथल्या कोरड्या हवेने चामडं ताणलं जातं.

तुझी,
आयली

ड्राय लेक पोस्ट ऑफिसच्या खिडकीत ठेवलेली चिठ्ठी
८ जानेवारी

मिसेस ओचोआ,

माझ्या बहिणीचा इथे फोन येण्याची शक्यता आहे. ती कुत्र्याचं वजन विचारील. कृपया चव्वेचाळीस सांगावं. आज तुमच्या काट्यावर चाळीस भरलं हे मला माहीत आहे, पण तिचा खुबा मोडलेला आहे आणि कुत्रा वाळेल म्हणून ती झुरते आहे. मी आयुष्यात खोटं बोललेली नाही, म्हणून मला सवय नाही. मदत करावी.

आ. कोर्पेला

त्याच चिठ्ठीच्या पाठीवर

सेन्योरा कोर्पेला,

मी सरकारी नोकर आहे. माझा काटा खोटं बोलत नाही, मीही बोलणार नाही. कुणी विचारलं नाही तर मी काहीच बोलणार नाही. एवढंच तुमच्यासाठी करू शकते.

तुमच्या दुसऱ्या कुत्र्यालाही एकदा काट्यावर आणा. दारातून आत येताना त्याची दमछाक झाली.

ए. ओचोआ

हॅनकॉक
२१ जानेवारी

मिस्टर टेर्वो
व्यवस्थापक, टॅमरॅक हाउस

तुम्ही लेखी मागितलंत, म्हणून लिहिते आहे. तळमजल्यावरची, कालव्याकडे तोंड असलेली जागा मला हवी आहे. फार हवी आहे. या घराचा जिना मला आता जन्मात चढता येणार नाही, आणि सोफ्यावर किती दिवस काढणार?

तुमचा नियम मी वाचला: पस्तीस पौंडांवरचा कुत्रा चालणार नाही. माझा कुत्रा सध्या त्याहून किंचित वर आहे. तो बाहेरगावी, वाळवंटात, माझ्या अत्यंत कडक बहिणीकडे आहे. एप्रिलअखेरपर्यंत जागा राखून ठेवाल का? त्याच्याशिवाय मी तिथे राहायला येणार नाही. आणि तिथे आले नाही तर कुठे जाऊ, हे मला ठाऊक नाही.

हे माझ्या बहिणीला कळता कामा नये. तुमच्या इमारतीला ती म्हाताऱ्यांचं खुराडं म्हणते. कळलं तर गाडी घेऊन इथवर भांडायला येईल.

लेम्पी हायक्किनेन

हॅनकॉक
२१ जानेवारी

प्रिय आयली,

खुबा बरा आहे. काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते.

मी विचार केला. तू म्हणतेस तेही खरंच असेल. पास्टीला भरपूर चालव. अगदी दमेपर्यंत. निम्मं खाणं म्हणजे काही उपासमार नाही, त्याहून थोडं कमी दिलंस तरी माझी हरकत नाही. खरंच नाही.

वजन किती झालं?

तुझी,
लेम्पी

कॉफीपॉट वॉश
५ फेब्रुवारी

प्रिय लेम्पी,

तुझा टोमणा पोहोचला.

"त्याहून थोडं कमी दिलंस तरी माझी हरकत नाही." वा! लहानपणी मी तुझी बाहुली धुवायला नेली आणि तिचे केस गळले, तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस: "राहू दे, टकली बाहुली मला जास्त आवडते." आणि मग आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. मी तुला ओळखून आहे.

तेव्हा ऐक. मी काही तुझ्या कुत्र्याची छळछावणी चालवत नाही. तो खातो, पितो, लोळतो. वजन वाढलं आहे, पंचेचाळीस. झालं समाधान?

व्हर्जिल त्याला चोरून डुकराच्या खारवलेल्या पट्ट्या देतात. मी पकडलं तर म्हणाले, "मी नाही दिली, पडली." रोज पडते, आणि नेमकी पास्टीच्या तोंडात.

तुझी,
आयली

हॅनकॉक
१६ फेब्रुवारी

प्रिय आयली,

पंचेचाळीस?

अगं, मी टोमणा मारला नव्हता. साठ वर्षांत एकदा मनापासून काही बोलले, तर तेही तुला तिरकं लागलं. त्या प्रुएटांना सांग, कुत्र्याला काही टाकू नका म्हणावं. हात बांध त्यांचे. तू वर्गात चाळीस मुलं गप्प बसवायचीस, एक ओक्लाहोमाचा म्हातारा आवरत नाही?

वजन कळव. लवकर.

लेम्पी

कॉफीपॉट वॉश
९ मार्च

प्रिय लेम्पी,

हे माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते. गुरुवारी पास्टी पळाला होता. सुखरूप आहे. आधी ते वाच, मग पुढचं.

पहाटे खाणीच्या रस्त्याने निघालो होतो. एका झुडपातून गाढवाएवढ्या कानांचा ससा उठला. पास्टीने मान खाली घातली, एक हिसका दिला आणि माझ्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला पट्टा, पट्ट्यात कुत्रा नाही. ससा घळीच्या पायवाटेने वर, पास्टी त्याच्या मागे, हरणासारखा. वाटेच्या तोंडाशी पाटी: कुत्र्यांना मनाई. मी युक्लिडसह तिथेच थांबले. एका कुत्र्याने नियम मोडला म्हणून दुसऱ्याने मोडायचं कारण नव्हतं. युक्लिडला पाटीला बांधलं आणि एकटी चढले. त्र्याहत्तराव्या वर्षी, हाका मारत, ती चढण. आणि खरं सांगते, वर कुठेच काही हलत नव्हतं, नुसते दगड होते, आणि मला सारखं वाटत होतं की लेम्पीला काय सांगू. लेम्पीला मी काय सांगू?

तेवढ्यात वरून रेंजर टोलिव्हर येताना दिसली. पास्टीला एका काखेत मारलं होतं, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. म्हणाली, "हा तुमचाच ना? वर कड्यावर बसून ऊन खात होता."

मी म्हटलं, "दंड लिहा."

"अहो, जाऊ द्या. चुकून सुटला."

"शपथ घेतली होती. दोरी सोडली, सशाला छळलं, मनाई आहे तिथे गेला. चारपैकी तीन कलमं."

"चौथंही झालंय, वर," ती म्हणाली. "मी उचललं."

मग मात्र मी बिल्ला काढून तिच्या हातात ठेवला. ती नको नको म्हणत होती. शेवटी तिने वहीत ताकीद लिहिली आणि बिल्ला खिशात घातला. पास्टीने तिचा कान चाटला.

घरी आल्यावर जेवला व्यवस्थित. काळजी नको. शेहेचाळीस आहे.

तुझी,
आयली

हॅनकॉक
११ मार्च

प्रिय आयली,

तुझं पत्र आलं नाही, म्हणून मीच लिहिते. बरेच दिवस ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. आज सांगून टाकते.

मी टॅमरॅक हाउसमध्ये जागा मागितली आहे. हो, खुराड्यात. मला जिना चढता येत नाही, आयली. पुन्हा येणारही नाही, डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं. जागा सुंदर आहे. खिडकीतून कालवा दिसतो, उचलता पूल दिसतो. पण तिथे पस्तीस पौंडांवरचा कुत्रा ठेवू देत नाहीत. म्हणून मी तुला चालव म्हणत होते, कमी दे म्हणत होते. सरळ सांगायला जीभ रेटली नाही. सात वर्षं तू म्हणालीस तो जाड आहे आणि सात वर्षं मी भांडले. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

तू पंचेचाळीस लिहिलंस त्या दिवशी मला कळून चुकलं. तुझ्यासारखी बाई जर त्याला बारीक करू शकत नसेल, तर त्याची हाडं खरंच जड आहेत.

तू त्याला ठेवून घे. तिथे त्याला बूट आहेत, बिल्ला आहे, मित्र आहे. इथे माझ्याकडे काय आहे? टेर्वोला मी एप्रिलअखेरीस सही देईन. मला समजावायला येऊ नकोस. मी रडत नाहीये. शाई पसरली आहे ती पेनाने.

लेम्पी

हॅनकॉक
१५ मार्च

आयली कोर्पेला,

तुझं नऊ तारखेचं पत्र आज मिळालं. तीनदा वाचलं. आता तू बस आणि मी शिकवते.

पहिलं. चव्वेचाळीस पौंडांच्या मानेला घट्ट बसणारा पट्टा शेहेचाळीस पौंडांच्या मानेतून निसटतो. कसा?

दुसरं. माझा पास्टी सोफ्यावर चढायला पायाखाली स्टूल मागायचा. तो चढणीवर "हरणासारखा" गेला. कसा?

तिसरं. रेंजर त्याला एका काखेत मारून डोंगर उतरली, आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती. मी त्याला दोन हातांनी उचलायची तेव्हा माझी पाठ धरायची.

चौथं. डिसेंबरात पट्ट्याला नवं भोक. कोरड्या हवेने चामडं ताणलं जात नाही, आयली. आकसतं. आपले बाबा बूट चुलीपाशी वाळवू द्यायचे नाहीत, ते कशासाठी?

वजन सांग. खरं.

लेम्पी

कॉफीपॉट वॉश
२० मार्च

प्रिय लेम्पी,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. पोस्टाच्या पायरीवर बसून वाचली. मिसेस ओचोआंनी पाणी आणून दिलं.

उत्तर बरोबर आहे. चारही मुद्दे बरोबर. पैकीच्या पैकी.

तू लिहिलंस, वाळवू नकोस. मला वाटलं, तो बारीक होतोय हे कळलं तर तुझी झोप जाईल. म्हणून आकडा फुगवला. एकदा फुगवला की पुढचा त्याहून फुगवावा लागतो. हेच मी मुलांना सांगत आले: पहिली पायरी चुकली की उत्तरापर्यंत सगळं चुकतं. आणि तू सरळ मागितलंस तेव्हा मला टोमणा ऐकू आला. यापुढे टोमणा मारायचा असेल तर वर तसं लिहीत जा.

खुराडं हा शब्द मी मागे घेते. तुला जिना चढता येत नाही, हे मला दोन महिने कुणी सांगितलं नाही, याचा राग नंतर काढीन.

आजचं खरं वजन: सदतीस. अजून दोन पौंड तरी जायला हवेत आणि हातात महिना आहे. पास्टी परत येणार. तुझ्याच पायांवर झोपणार. यावर चर्चा नाही.

परतल्याबरोबर मी कॅम्पातल्या आमच्या रांगेतल्या सगळ्यांना शेकोटीपाशी बोलावलं. सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन आले. त्यांना वाटलं, वाढदिवस आहे. मी रेंजर टोलिव्हरला उभं केलं आणि म्हटलं, "आता या माणसांना शपथ द्या."

"कसली?"

"मी पास्टीला काही देणार नाही. माझ्या हातून काही पडणार नाही. पडलं तर मी स्वतः उचलून खाईन."

व्हर्जिल म्हणाले, "खाली पडलेलं?"

"खाली पडलेलं."

"बाई, माझी पँट तुम्ही काट्यांनी भोसकलीत, मी बोललो नाही. पण हे जरा..."

मग मी त्यांना टॅमरॅक हाउसचं सांगितलं, तुझ्या पायांचं सांगितलं. उजवा हात सगळ्यांत आधी त्यांनी वर केला. डाव्या हातातली खारवलेली पट्टी मात्र त्यांनी ऐन वेळी स्वतःच्याच तोंडात कोंबली, त्यामुळे शपथेचे शब्द नीट ऐकू आले नाहीत. मी पुन्हा म्हणायला लावले.

तुझी,
आयली

पोस्टकार्ड. ड्राय लेक, अ‍ॅरिझोना
१६ एप्रिल

सेन्योरा लेम्पी,

आपली ओळख नाही, पण तुमचा कुत्रा दर मंगळवारी माझ्या काट्यावर बसतो. तुमच्या बहिणीने मला हे कार्ड लिहायला सांगितलं आहे, कारण त्या म्हणतात की आता त्यांच्या शब्दावर तुमचा विश्वास बसणार नाही.

आज सकाळी, बूट आणि पट्टा काढून: चौतीस पौंड. मी दोनदा तोललं. शिक्का मारते आहे. रेंजरने त्याचा बिल्ला परत दिला आहे, तो वजनात धरलेला नाही.

दुसऱ्या कुत्र्याला त्या अजूनही काट्यावर आणत नाहीत.

एस्पेरान्सा ओचोआ

टॅमरॅक हाउस, हॅनकॉक
८ जून

प्रिय आयली,

माँटानातल्या कॅम्पवर, तुझ्या उन्हाळी राखणदारीच्या कामाला, पोहोचलीस का? तिथे तरी सिग्नल असेल, पण मला आता पत्रांचीच सवय लागली.

तू पास्टीला दारात सोडून, कॉफीसुद्धा न घेता गेलीस. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणालीस. गेलं असेल. वाळवंटातली वाळू मिशिगनपर्यंत येते म्हणतात.

तपासणीची गंमत तुला सांगायची राहिली. टेर्वोने न्हाणीघरातला काटा आणला. पास्टी त्यावर बसेना, बूट मागायला लागला. टेर्वो म्हणाला, "मी याला घेऊन उभा राहतो, मग माझं वजन वजा करू." उभा राहिला. मी चष्मा लावून वाकले, तर त्याने पायाने आकडा झाकला! म्हणाला, "असू दे, असू दे. तुमच्याकडे पोस्टाचं कार्ड आहे ना? सरकारी शिक्का पुरे." आता ते कार्ड त्याच्या कचेरीत फ्रेममध्ये आहे.

पास्टी रात्री पायांवर येतो. पहिल्या रात्री मला वाटलं, हे काय, उशी पडली की काय. दहा पौंड कमी म्हणजे कमीच. पण झोप लागली. पहाटे उजाडताना तो मला उठवतो आणि दाराशी उभा राहतो. काठी घेऊन पुलापर्यंत जातो आम्ही. वळणावर मी बसले तर तो माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. हे कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे.

आता कामाचं. शेजारच्या मिसेस निएमी मुलीकडे कायमच्या गेल्या. जागा रिकामी आहे, खिडकीतून पूल माझ्यापेक्षा चांगला दिसतो. हिवाळ्यात तू जा तुझ्या वाळवंटात, कोण अडवतंय. पण उन्हाळ्यात माँटानात अनोळखी माणसांच्या शेकोट्या विझवत फिरण्यापेक्षा इथे ये. माझ्या दाराबाहेर खुर्ची ठेवायला जागा आहे. ज्याची त्याने आणायची.

एकच अडचण आहे. नियम तोच आहे. युक्लिडचं वजन किती?

तुझी,
लेम्पी

(हा टोमणा नाही. वर लिहायचं राहिलं.)

माँटाना
१७ जून

प्रिय लेम्पी,

पत्र मिळालं. जागेचा विचार करते आहे. विचार संपला. घेते.

इथल्या पोस्टात काटा आहे. काल युक्लिडला घेऊन गेले. गिऱ्हाईक नव्हतं. पोस्टातला तरुण म्हणाला, "मॅडम, याला उचलायला मी आणखी एक माणूस बोलावतो." बोलावला. आकडा मी लिहीत नाही. पास्टीच्या वाटीतून पाच महिने जे काढलं, ते मी कुठे टाकत होते, हे तुला आठवत असेलच. आठवत नसेल तर माझं पहिलं पत्र काढू नकोस.

आपला तो बाब्या, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते.

उद्या पहाटेपासून चालणार आहोत. टेर्वोला सांग, एप्रिलपर्यंत थांब. युक्लिड जाड नाही. त्याची हाडं जड आहेत, आणि हाडं उतरायला वेळ लागतो.

तुझी,
आयली